ओळखण्याची विद्या : डॉ. सलीम अली यांचे जीवन



आपल्या मौद्यात असे घर विरळाच सापडेल, जिथे कधी चिचुंदरी शिरली नाही. रात्री भिंतीच्या कडेने चीं चीं करीत पळणाऱ्या या जीवाला आपण सरसकट उंदरांत जमा करतो आणि त्याच्यावर झाडू उगारतो. परंतु चिचुंदरी हा उंदीर नव्हे. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे, पिवळसर आणि जन्मभर वाढणारे असतात, व त्यांच्यामागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते. चिचुंदरीचे दात पांढरे, टोकदार आणि एकापाठोपाठ एक लागून असतात. ती धान्याची पोती फोडीत नाही, झुरळे आणि किडे खाते. म्हणजे आपला उपकार करणाऱ्या प्राण्याला आपण केवळ ओळख नसल्यामुळे मारतो.

प्राणी ओळखणे ही एक विद्या आहे आणि ती शिकावी लागते. निम्मी विद्या प्रयोगशाळेत कातडी, कवटी व दात पाहून शिकायची असते, आणि निम्मी रानात, नदीकाठी, जिवंत प्राण्याच्या मागे हिंडून. ही विद्या ज्यांनी आयुष्यभर जोपासली, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहे. आपण म्हणाल, सलीम अली तर पक्षितज्ज्ञ, मग सस्तन प्राण्यांच्या गोष्टीत त्यांचे काय काम? ते काम मोठे आहे, आणि शेवटी तर एका सस्तन प्राण्याने त्यांचे नाव आपल्याबरोबर कायमचे जोडून घेतले आहे. म्हणून थोडा धीर धरून वाचावे, ही विनंती.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. अशा पोरक्या मुलाला मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. त्या भरल्या घरात मामांनी भाच्याला प्रेम तर दिलेच, पण आणखी एक गोष्ट दिली. मुलाने प्रश्न विचारला तर तो उडवून लावायचा नाही, ही त्या घरची रीत होती.

मामा स्वतः शिकारीचे शौकीन. मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली आणि तो घराभोवतीच्या चिमण्या टिपू लागला. तो काळच तसा होता. एके दिवशी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मुलाने ती मामांना दाखविली. मामांनाही ती ओळखता येईना. इथे दुसरा कोणी असता तर चिमणीच ती, असे म्हणून मोकळा झाला असता. अमीरुद्दीन मात्र बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलाला तिकडे पाठविले.

पालकहो, दहा-बारा वर्षांचा हिंदी मुलगा, हातात मेलेली चिमणी आणि समोर गोरा साहेब! पाय लटपटले नसतील तरच नवल. परंतु मिलार्ड यांनी त्याला जवळ बसविले, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे सोसायटीचे क्युरेटर किनिअर यांच्याकडे कातडे कसे सोडवावे, कसे भरावे, चिठ्ठीवर काय लिहावे याचे धडे मुलाला मिळाले. हेच किनिअर नंतर लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले. म्हणजे सलीम अलींची पहिली प्रयोगशाळा ही कुठल्या महाविद्यालयातील नव्हती, तर ओळखता न आलेल्या एका चिमणीने उघडून दिलेली होती.

आता त्या सोसायटीत काय चालले होते, ते थोडे पाहू. मिलार्ड यांच्याच पुढाकाराने १९११ साली सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. वाघ, बिबट्या, सांबर यांची मुंडकी शिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांत पुष्कळ होती. परंतु उंदीर, खारी, चिचुंदऱ्या, वटवाघळे यांच्याकडे लक्ष कोणाचे? देशात त्यांच्या जाती किती आणि कोणती कुठे राहते, हे नीट माहीत नव्हते. म्हणून पगारी माणसे मुलुखोमुलुखी पाठविली गेली. अगदी पहिल्या पाहण्यांत खानदेश आणि आपले वऱ्हाड होते. १९२३ पर्यंत हे काम चालले आणि हजारो नमुने जमा झाले. निवृत्त वनाधिकारी राउटन यांनी लंडनमध्ये बसून त्यांतील कित्येकांची ओळख पटविली.

विद्यार्थी मित्रांनो, नमुना म्हणजे नुसता मेलेला प्राणी नव्हे. प्राणी हाती आला की आधी मोजपट्टी घ्यायची. डोके व धड मिळून लांबी, शेपटीची लांबी, मागच्या पावलाची लांबी आणि कानाची लांबी, ही चार मापे ताज्या प्राण्याचीच घ्यावी लागतात, कारण वाळल्यावर कातडे आक्रसते. मग कातडे सोडवून भरायचे, कवटी साफ करून त्याच क्रमांकाने जपायची. आणि सर्वांत महत्त्वाची ती चिठ्ठी. गाव कोणते, तारीख कोणती, नर की मादी, आणला कोणी. चिठ्ठी हरवली तर उत्तमातला उत्तम नमुना अभ्यासाला जवळजवळ निकामी होतो. कवटी मात्र पुष्कळ काही सांगते. कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. सशाला उंदराच्या जातीचा म्हणावे तर त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी लपलेली असते. उंदीर-खारींना ती नसते, म्हणून ससा वेगळ्या गणात जातो. बाहेरून दिसणाऱ्या रूपाने आपण फसतो, दातांपाशी फसवणूक कमी होते. अशा मापाच्या आणि चिठ्ठीच्या शिस्तीत सलीम अलींचा हात लहानपणी बसला.

शाळेत मात्र त्यांची प्रगती यथातथाच होती. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने पिच्छा पुरविला, शाळा वारंवार बुडू लागली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे राहावे लागले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण गणित जड गेले आणि शिक्षण अर्धवट सोडून १९१४ साली त्यांनी ब्रह्मदेशातील तवाय गाठले. तेथे घराण्याचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा त्यांचे मन भोवतालच्या जंगलातच अधिक रमले. १९१७ साली ते परत आले आणि दावर यांच्या महाविद्यालयात व्यापारी शिक्षण घेऊ लागले.

इथे त्यांना दुसरा गुरू भेटला. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी ओढ कशात आहे ते ओळखले आणि प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्याचा आग्रह धरला. सलीम अलींनी दोन्ही शिक्षणे एकाच वेळी केली. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी पतीचा छंद हा छंद न मानता जीवनकार्य मानले, हे आपल्या घरांतून मुद्दाम सांगावे असे आहे.

तरीही विद्यापीठाची पदवी नव्हती ती नव्हतीच. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, ती पदवीअभावी त्यांना मिळाली नाही. मित्रांनो, हा भाग मी मुद्दाम लपवीत नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रांतून पदवी नसली तरी चालते असा सोयीचा धडा आपण काढतो. सलीम अलींना ती नसल्याची किंमत मोजावी लागली. त्यांनी मात्र नशिबाला दोष देत न बसता, जी विद्या कमी पडली ती मिळवायची, असे ठरविले.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. शाळकरी मुलांना आणि लोकांना दालनांतील प्राणी समजावून सांगायचे, हे काम. विभागातील पुष्कळसा संग्रह सोसायटीचाच होता आणि सोसायटीचे क्युरेटर होते स्टॅन्ले हेन्री प्रेटर. काचेआड प्राणी त्याच्या मूळच्या झाडाझुडपांत, खडकांत बसलेला दाखविण्याची नवी पद्धत प्रेटर यांनी इथे आणली. पुढे १९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि १९४८ साली प्रेटर यांचे भारतीय सस्तन प्राण्यांवरील पुस्तक निघाले. एकाच संस्थेने प्रकाशित केलेली ही दोन पुस्तके साध्या माणसाच्या हाती पडली, आणि पक्षी व पशू ओळखणे ही साहेबांची मक्तेदारी राहिली नाही.

दोन वर्षांतच सलीम अलींना आपले ज्ञान अपुरे वाटू लागले. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकू लागले. नमुन्यांची तुलना कशी करावी, एकाच जातीतील स्थानिक फरक कसे पाहावेत आणि त्यातून निष्कर्ष किती जपून काढावा, याची शिस्त त्यांना तिथे लागली. स्ट्रेसेमान यांना त्यांनी जन्मभर गुरू मानले. तिशी ओलांडलेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसतो, हे पालकांनीही लक्षात ठेवावे असे आहे.

१९३० साली ते परतले, तो काय! पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली होती. हाती उत्तम शिक्षण आणि घरात मिळकत नाही, अशी अवस्था. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठी राहायला गेले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली रोज तासन्‌तास त्यांच्यापुढे बसून टिपणे घेऊ लागले. त्यांच्या लक्षात आले की, घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर तिथे राहते. ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव झाले. जगातील सगळी संग्रहालये धुंडाळली असती तरी ही गोष्ट कळली नसती, कारण खणातला पक्षी घरटे विणीत नाही. ओळखण्याच्या विद्येचा दुसरा अर्धा भाग रानातच सापडतो, तो असा.

पुढे त्यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. संस्थानांनी मुक्काम-प्रवासाचा खर्च तेवढा करावा, आपण मेहनताना न घेता त्यांच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करू. १९३१ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून हे काम सुरू झाले. मग कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने त्यांनी पालथी घातली. तेहमीना बेगम तंबूच्या संसारात बरोबर असत. १९३९ साली त्या निवर्तल्या. सलीम अलींनी दुःख गिळून काम चालू ठेवले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ साली पद्मभूषण, त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक. ज्या पदवीअभावी एकेकाळी नोकरी हुकली, ती विद्यापीठाने घरी चालत आणून दिली. १९७६ साली मिळालेल्या गेटी पारितोषिकाचे पैसे त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंरक्षणाच्या कामाला दिले. २० जून १९८७ रोजी मुंबईत, नव्वदी पार केल्यावर, त्यांचे निधन झाले.

आता सुरुवातीला म्हटले त्या सस्तन प्राण्याकडे येऊ. १९४८ साली दक्षिणेतील हाय वेव्ही डोंगरात, म्हणजे आजच्या तमिळनाडूतील थेनी भागात, अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी मळेवाल्याला एक फळे खाणारे वटवाघूळ मिळाले. ते मुंबईला सोसायटीच्या संग्रहात आले. दिसायला ते नेहमीच्या आखूड नाकाच्या फलाहारी वटवाघळासारखेच. त्याच नावाची चिठ्ठी लावून ते खणात ठेवले गेले आणि एक-दोन नव्हे, चोवीस वर्षे तसेच राहिले. पुढे किट्टी थाँगलाँग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञाने तो नमुना बारकाईने तपासला. नेहमीच्या वटवाघळाला छोटी शेपूट असते, याला ती नव्हतीच. दातांची ठेवणही निराळी. ही केवळ नवी जातच नव्हे, तर अख्खी नवी प्रजाती होती. १९७२ साली त्यांनी तिला रुंद दातांची या अर्थाचे लॅटिडेन्स असे नाव दिले आणि त्यापुढे सलीम अलींच्या सन्मानार्थ सलीमअलीई असे जोडले. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील हे वटवाघूळ फार दुर्मिळ आहे. १९९३ साली ते रानात पुन्हा सापडले आणि शास्त्रज्ञांना हायसे वाटले.

वाचकहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एक चिमणी एका मुलाला ओळखता आली नाही, त्याने विचारले, आणि तिला तिचे नाव मिळाले. एक वटवाघूळ जाणकारांना ओळखीचे वाटले, कोणी विचारले नाही, आणि चोवीस वर्षे ते चुकीच्या नावाने पडून राहिले. त्यात कोणाचा अपराध नव्हता. पण नमुना जपला होता, चिठ्ठीवर गाव-तारीख होती, म्हणूनच पुढच्या माणसाला ती चूक दुरुस्त करता आली. ठाऊक नाही म्हणण्याची लाज न बाळगणे आणि जे पाहिले ते लिहून जपणे, या दोन सवयी सलीम अलींच्या सगळ्या थोरवीच्या मुळाशी आहेत.

आपल्याला हे सारे मौद्यात करता येईल काय? अवश्य येईल, आणि त्यासाठी बंदूक नको. सलीम अलींच्या काळी नमुन्यासाठी प्राणी मारीत. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले प्राणी मारण्यास व पकडण्यास मनाई आहे, आणि तशी गरजही नाही. एक वही, एक पेन्सिल, एक मोजपट्टी पुरे.

पाऊस संपला की सकाळी कन्हान नदीच्या ओल्या वाळूत पावले पाहा. चार बोटांपुढे नखांचे ठसे असतील तर तो कुत्रा, कोल्हा यांच्या कुळातला असण्याचा संभव आहे. नखे दिसत नसतील तर मांजर कुळातला, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. परंतु घाई नको, तरसाचीही नखे उमटतात आणि त्याचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा मोठे असते. अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे तीन की पाच ते मोजा, कारण आपल्या देशात या दोन वेगवेगळ्या जाती आहेत. कोल्हा दिसला असे कोणी म्हटले तर शेपटीचे टोक विचारा. अंगाने लहान, शेपूट झुपकेदार आणि टोक काळे असेल तर ती खोकड असेल.

आणि प्रयोगशाळा? जुन्या वाड्यात किंवा पडक्या घरात गव्हाणी घुबड राहत असेल, तर त्याच्या बसण्याच्या जागेखाली काळसर गोळ्या पडलेल्या दिसतील. घुबड भक्ष्य अख्खे गिळते आणि केस व हाडे गोळी करून तोंडावाटे टाकते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, अशी एखादी गोळी पाण्यात भिजवून उकला. आत इवल्याशा कवट्या मिळतील. पिवळे छिन्नीदात आणि मागे मोकळी जागा दिसली तर उंदीर, सलग टोकदार दात दिसले तर चिचुंदरी. शाळेला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा कोण देणार? मेलेला वा पडलेला प्राणी मात्र, विशेषतः वटवाघूळ, उघड्या हाताने उचलू नका. त्यातून रोग होण्याचे भय असते.

पालकांना शेवटचे एक सांगणे आहे. मुलगा वा मुलगी एखादे पीस, एखादे बी, पावलाचे चित्र घेऊन घरी आली आणि हे काय म्हणून विचारू लागली, तर अभ्यास सोडून हे काय चालवलेस असे म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणी सांगा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे पाठवा. अमीरुद्दीन मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त एक चिठ्ठी लिहून दिली. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा मन लावून द्या, पदवी मिळवा, कारण ती नसल्यास दारे बंद होतात हे आपण पाहिले. पण हाती वहीही असू द्या. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, आणि त्याचा शेवटचा दिवस सलीम अलींचा जन्मदिवस असतो. त्या आठवड्यात आपल्या गावातील पक्ष्यांबरोबरच खारी, मुंगूस, वानर, वटवाघळे यांचीही यादी करण्यास सुरुवात करा. गाव, तारीख, काय पाहिले आणि काय ओळखता आले नाही, हे सारे लिहा. न ओळखलेल्यांची यादी मोठी झाली तर खंत मानू नका. पुढचा अभ्यास त्याच यादीतून निघणार आहे.